बापूरावाचं अमेरिकन जनावर

फटफटीवाला माणूस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं काळा चष्मा, कातडी कोट अन् मागं उडणारी धूळ आली असंल. ती धूळ खाली बसू द्या. आमच्या बापूरावाला फटफटी चालवताच येत नव्हती.

हट्ट्याच्या अलीकडं आमचं गाव. गावात फटफटी एकच, ती बी अमेरिकन, बाजूला माणूस बसायची डबी जोडलेली. बापूराव एका जहागीरदाराकडं मोटारी धुवायला होता. लढाईत पेट्रोल मिळेना, तवा मालकानं ती त्यालाच देऊन टाकली. पठ्ठ्यानं हँडल धरून तिला गावापर्यंत पायी आणली.

"बसत काहून न्हाई तिच्यावर?" मी विचारायचो.

"बैलावर बसतंय का कोणी?"

कुठून तरी बाटलीभर पेट्रोल आणून तो तिला जागेवरच चालू करायचा, अन् डोळे मिटून ऐकायचा. मला बी बसवायचा.

"हे बघ नकल्या, दोन नळकांडी. दोघं भाऊ. डोकी लांब लांब, पाय एकाच खुंट्यावर. म्हणून ठोका सारखा पडत न्हाई. एक बोलतो, दुसरा लगेच बोलतो, मंग दोघं बी दम खातात. बराबर?"

त्याच्या 'बराबर'ला उत्तर द्यायचं नसतं.

"जुन्या इंजिनाला तेल पाजलं की धूर सोडून मोकळं. हे नवं. ह्याचं तेल खाली जातं, पंप ते परत टाकीत आणतो, पुन्हा फिरवतो. रवंथ करतंय. ज्यानं हे काढलं त्याच्या घरी गाय असणार. बराबर?"

मास्तर, पाटील, पाटलाची म्हैस, सगळे माझ्या गळ्यात होते. इंजिन बापूरावानं घातलं. आज चार गावचे लोक नकलांसाठी मला बोलावतात, ती त्याची कृपा. तोंड माझं होतं, कान त्यानं दिले.

त्याची बैलजोडी एका रोगात गेली होती. दुसरी त्यानं आणली न्हाई. तवापासून पोळ्याला त्याच्या दाराची कडी आतून लागायची. एका साली मात्र तो पाटलाकडं गेला.

"माझं बी जनावर पोळ्यात येऊ द्या."

पाटील हसले. "येऊ दे. पण आपल्या आवाजानं तोरणाखालून गेलं पायजे. गेलं तर दरसाल जागा. न्हाई गेलं तर पुन्हा विचारायचं न्हाई."

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात. बापूरावानं इंजिनाचे मळले. एकेका पट्टीत बोट घालून, थेट प्लगच्या वायरीपर्यंत.

"तिथं नका लावू," मी म्हटलं.

"गप. जोर तिथंच येतो."

दुसऱ्या दिवशी झूल टाकली, बेगड लावली, बैलांच्या रांगेत उभं केलं. बापूरावानं लाथ मारली. काहीच न्हाई. पुन्हा मारली. नुसता लोण्याचा वास. मागचे लोक हसू लागले. पाटील इकडंच येत होते.

मी गुपचूप झुलीखालून डबीत शिरलो अन् गळ्यातलं इंजिन चालू केलं. तोरणापर्यंत उतार होता. बापूरावानं कासऱ्यासारखं हँडल धरलं अन् निघाला. ऐन तोरणाखाली नाकात गुलाल गेला अन् इंजिन शिंकलं.

पाटील झुलीकडं बघत राहिले. मंग म्हटले, "हवा बदलली. जनावराला सर्दी व्हायचीच. जाऊ द्या."

शेजारच्या काशीमावशीनं फटफटीच्या दिव्याला कुंकू लावलं, ओवाळलं. बापूराव उपरण्यानं नाक पुसत होता, अन् शिंक तर मला आली होती.

देवळामागं मी उतरलो, घरी जाऊन पोटभर जेवलो अन् झोपलो.

सकाळी बापूराव दारात. हातात फडक्याची पुरचुंडी, आईसमोरच सुरू झाला.

"कुठं मेला होता रे? दोन पाट मांडून सांजेपर्यंत बसलो. कारभारीण गेल्यापासून घरात पुरण शिजलं नव्हतं. हात भाजला माझा. कोणासाठी शिजवलं मी? फटफटी खाती का पोळी? येतो म्हणून सांगायचं न्हाई, येत न्हाई म्हणून बी सांगायचं न्हाई. शाळेत हेच शिकला?"

बोलता बोलता त्यानं फडकं सोडलं. पोळ्या एका बाजूनं काळ्या, दुसऱ्या बाजूनं कच्च्या. मी खायला लागलो.

"अन् हळू खा," तो ओरडला. "तुझ्यासाठीच आणल्यात."