आठ ओहमचा विरोध

एदिल्मा गेली हे मला मंगळवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी सांगितलं. ते खरे डॉक्टर होते. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या नदीकाठच्या गावात टेबलामागे बसलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणायची रीत आहे, आणि यापुढे येणारे डॉक्टर तसले आहेत.

एदिल्मा माझी बायको. एकतीस वर्षं कुंबियाच्या, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या, बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. तिचा स्पीकरचा बॉक्स तिच्या आधी दोन महिने फाटला होता. तिच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या चर्चमधल्या मिसेनंतर बँडने आमच्या दारात वाजवायचं आणि तिचा बेस तिची भाची युदिसने धरायचा, असं ठरलं. म्हणजे नवा बॉक्स आला.

दुकानदार आरिस्तिदेसने मला तासभर शिकवलं.

"अ‍ॅम्प ताकद देतो, बॉक्स ती सोसतो. अ‍ॅम्प तीनशे वॅटचा, तर बॉक्स चारशे सोसणारा घ्यायचा."

"आणि हा आठ ओहम काय प्रकार आहे?"

"तो बॉक्सचा विरोध. विरोध जितका कमी, तितका अ‍ॅम्प जास्त जोर करतो. फारच कमी झाला तर जळतो."

"आणि आठवर?"

"आठवर निवांत चालतो. जोर बेताचा, पण संसार टिकतो."

मी आठ ओहमचा बॉक्स घेतला.

रस्त्यावर स्पीकर लावून वाजवायचं तर नगरपालिकेच्या ध्वनी कार्यालयाची परवानगी लागते. वादनाचा परवाना एदिल्माच्या नावावर होता, म्हणून अर्जही तिच्याच नावाने, वारस म्हणून सही माझी. फॉर्मवर दोनच अवघड रकाने होते. 'ताकद' आणि 'विरोध'. शिकलो होतो ते मी लिहिलं.

कार्यालयात टेबलामागे बसलेल्या डॉक्टर पिनेदोंनी बेरीज केली. "तीनशे आणि चारशे, सातशे."

"डॉक्टर, बॉक्स ताकद देत नाही. तो घेतो."

"घेणाऱ्याची ताकद आम्ही आधी धरतो. या कार्यालयाला त्याचा अनुभव आहे. असो, सातशे बसतात. पण विरोध आठ?"

"हो. आठच पाहिजे."

"कोण आहेत हे आठ जण?"

तो रकाना शेजाऱ्यांच्या हरकतींचा होता. मी ओहम समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खोडाखोड चालत नाही. आठ विरोधक आणा, ते विरोध मागे घेतील, परवानगी मिळेल."

"पण विरोध कुणी केलेलाच नाही."

"मग आधी करायला सांगा. न केलेला विरोध मागे कसा घेणार?"

घाबरून मी म्हणालो, "दुसरा बॉक्स जोडला तर आठ आणि आठ मिळून चार होतात."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं. "विरोधक वाढले की विरोध निम्मा? निवडणुकीत आम्ही हेच करतो. पण फॉर्ममध्ये सोय नाही."

मी विरोध गोळा करायला निघालो. समोरच्या डोन्या एल्वीरा ऐकून रडायलाच लागल्या.

"अरे रेंबेर्तो, मी कसला विरोध करू? ती वाजवायला लागली की माझ्या कपाटातले पेले नाचायचे. तेवढीच घरात हालचाल!"

"तेच लिहा. पेले नाचतात."

त्यांनी लिहिलं. मग पेन थांबलं. "एक फुटला होता रे. माझ्या लग्नातला. तू साधं विचारायलासुद्धा आला नाहीस." त्यांनी दुसरा कागद मागितला. तिसरा त्यांनी स्वतःच काढला.

गल्लीत असंच होत गेलं. माझ्यावर उपकार म्हणून जो लिहायला बसायचा, तो अर्ध्या पानावर खरोखरच चिडायचा. एकाचा पोपट मुका झाला होता, एकाच्या भिंतीला तडा गेला होता. आठवड्याभरात सात विरोधकांची समिती झाली, डोन्या एल्वीरा अध्यक्ष. मला भेटीची वेळ घ्यावी लागली.

"लोकभावना आहे, रेंबेर्तो," त्या म्हणाल्या. "मी एकटी काय करणार?"

मी मोठं पातेलं भरून सांकोचोचा रस्सा रांधला, सातही घरांत नेऊन दिला, माफी मागितली, डोन्या एल्वीरांना नवा पेला दिला. सगळ्यांनी विरोध मागे घेतले. त्यांच्या कागदांवर एदिल्माच्या वतीने पोच मी दिली.

"सातच आहेत," डॉक्टर पिनेदो म्हणाले.

"गल्लीत आठवं घर माझं आहे."

"तुमच्या घरातून कधी विरोध झाला नाही? खरं सांगा. खोटा विरोध इथे चालत नाही."

एकतीस वर्षं मी स्वयंपाकघरातून ओरडत आलो, "एदिल्मा, कमी कर!" ती बटण केसभर फिरवायची आणि म्हणायची, "केलं हो, डॉक्टर."

मी लिहून दिलं. एका ओळीतच झालं. मग मागे घेण्याचा कागद पुढे केला.

"याला पोच लागेल," डॉक्टर म्हणाले. "जिच्याविरुद्ध हरकत, तिची."

"मीच देतो की. सात वेळा दिली."

"स्वतःच्या कागदावर स्वतः पोच देता येत नाही. दुसरा वारस?"

"नाही."

"मग त्यांनाच घेऊन या," असं म्हणून त्यांनी फाइल बांधली.

रविवारी मिसा झाली. बँड दारात बिनस्पीकरचा, बेसशिवाय वाजला. युदिस एदिल्माचा बेस मांडीवर घेऊन बॉक्सवर बसून राहिली. डोन्या एल्वीरा मध्येच घरात जाऊन आल्या.

"पेले हलत नाहीत रे," त्या म्हणाल्या. "काहीतरी कमी आहे."

समितीने एकमताने मान डोलावली.

तुमच्याही घरात कुणी वाजवत असेल, गात असेल, किंवा नुसतंच मोठ्याने बोलत असेल. तुम्ही आतून काय ओरडता ते मला सांगू नका. तो रकाना तयार आहे.

बॉक्स आणि अ‍ॅम्प खोलीत आहेत. वॅट जुळलेत, ओहम जुळलेत, वायर लावलेली आहे. आठवा विरोध मागे घ्यायचा राहिला आहे.