जनूभाऊंचा माईक

खेळाडूनं शिवी दिली की सामना थांबणार, आणि शिवीत ज्याच्या आईचा उद्धार झाला असेल त्याच्या आईला लाऊडस्पीकरवरून मैदानात बोलावलं जाणार. हा नियम क्रिकेटच्या कुठल्याही पुस्तकात नाही. तो आमच्या गावात जनूभाऊंनी काढला, आणि त्याचा पहिला बळी मी होतो.

तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला मोठा फास्ट बॉलर समजत होतो. भात कापून झालं की आमच्याकडे दोन-तीन खाचरांचे बांध काढून मैदान करतात आणि थंडी सरता सरता टेनिस बॉलचे सामने भरवतात. त्या दिवशी माझ्या चुलतभावानं, राजूनं, हातात आलेला कॅच सोडला. मी त्याला एक सणसणीत शिवी हासडली. त्यात आई होती. आपल्याकडच्या शिव्यांत बहुतेक वेळा आई किंवा बहीणच असते, बापाला कोणी फारसा त्रास देत नाही.

लगेच कर्णा खरखरला. "सन्माननीय क्रीडारसिक, खेळ थांबलेला आहे. गोलंदाज सुनील यांनी क्षेत्ररक्षक राजू यांच्या मातोश्री सुमनताई यांची आत्ताच जाहीर आठवण काढलेली आहे. सुमनताई घरी असतील तर त्यांनी मैदानावर यावं आणि आपल्या पुतण्याचं काय काम आहे ते विचारावं. सर्वांनी नोंद घ्यावी."

घरं मैदानाला लागूनच. काकू पिठाच्या हातांनी धावत आली. कोणी पडलंबिडलं की काय म्हणून तिचा जीव अर्धा झाला होता. थेट पिचवर येऊन म्हणाली, "काय रं सुन्या, कशाला बोलावलंस?"

मी काय सांगणार? त्याच काकूच्या हातची भाकरी सकाळी खाऊन मी बॉलिंग टाकायला आलो होतो. मी म्हटलं, पाणी पाहिजे होतं. ती बिचारी परत गेली आणि कळशी भरून घेऊन आली. दोन्ही टीमना, अंपायरला, सगळ्यांना पाणी पाजून गेली. उरलेल्या ओव्हरी मी तोंडातून ब्र न काढता टाकल्या आणि भरपूर मार खाल्ला.

जनूभाऊ कुंभिवलीकडच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. उंची बेताची, अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. निळं धावांसाठी आणि लाल विकेटसाठी. घरी, शेतावर त्यांचं बोलणं आमच्यासारखंच हाय-नायचं. पण माईक पुढ्यात आला की थेट रेडिओवरच्या बातम्यांचं मराठी सुरू व्हायचं. सामना रंगला की दोन्ही भाषा एकमेकींत मिसळायच्या आणि मग "चेंडू सीमारेषेपलीकडे गेलेला हाय" असं काहीतरी ऐकू यायचं. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसे, कारण स्कोअरची वही त्यांच्या मांडीखाली असायची. मातोश्री येऊन जाईपर्यंत ती बाहेर निघत नसे.

बाहेरगावच्या टीम यायला लागल्या तशी अडचण झाली. त्यांच्या आया कुठून आणणार? जनूभाऊंनी प्रवेशअर्जात एक रकाना वाढवला, 'आईचे नाव'. पुढे मोबाईल आले तसा आईचा नंबरही मागायला लागले. लोकांना वाटायचं विम्याची काहीतरी भानगड असेल, म्हणून ते निमूटपणे भरून द्यायचे.

एकदा माथेरानच्या हॉटेलांत काम करणाऱ्या पोरांची टीम आली होती. त्यांच्या एका दांडगट बॉलरनं अंपायरला शिवी दिली. आमचा अंपायर साठीचा, त्याची आई कधीच वारलेली. जनूभाऊंनी नियमाला जरा मुरड घातली आणि शिवी देणाऱ्याच्याच आईला फोन लावला. माईक फोनला टेकवला आणि म्हणाले, "आई, तुमचे चिरंजीव भर मैदानात आईचं नाव घेतायत." पलीकडून बारीक आवाज आला, "जेवला का तो?" साऱ्या मैदानानं ते ऐकलं. जनूभाऊंनी बॉलरकडे बघून तोच प्रश्न माईकवरून विचारला. त्यानं मान हलवली. "जेवला, आई," असं सांगून जनूभाऊंनी फोन ठेवला. तो पोरगा पुढे तीन वर्षं येत होता, पण त्याच्या तोंडून पुन्हा कधी काही निघालं नाही. यायचा तेव्हा जनूभाऊंसाठी चिक्की घेऊन यायचा.

सामने वर्षातून चार दिवस. बाकीच्या दिवसांत जनूभाऊ माईकशिवायच लोकांच्या मागे लागायचे. शिळफाट्याला चहाच्या टपरीवर आम्ही पाच-सहा जण उभे होतो. आमच्यातलाच एक जण बायकोचं काहीतरी सांगत होता. सांगता सांगता म्हणाला, दोन कानफटात दिल्या तेव्हा कुठं गप बसली. सगळे हसले. आमच्याकडे ही वाक्यं पाऊसपाण्याच्या गप्पांत खपून जातात. बोलणाऱ्याला काही वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. मीही हसलो होतो, खोटं कशाला सांगू?

जनूभाऊंनी ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "कुठच्या हातानं?"

तो म्हणाला, उजव्या, आणखी कुठच्या? जनूभाऊंनी मान डोलावली आणि चहा संपवला. त्या दिवसापासून त्या माणसानं हात पुढे केला की जनूभाऊ स्वतःचा डावा हात पुढे करायचे. लग्नात, बारशात, देवळाच्या पायरीवरसुद्धा. कारण कोणाला सांगायचे नाहीत. पण गावात अशा गोष्टींना सांगावं लागत नाही. पुढे ज्याचा ज्याचा हात घरात उठल्याचं त्यांच्या कानावर जाई, त्याला त्याला डावा हात मिळायला लागला. माझी बायको सांगते की बायकांना पोलीसपाटलापेक्षा जनूभाऊंच्या डाव्या हाताचा आधार वाटायचा. त्यानं काही पुरुष सुधारले. काही नुसतेच लांबून नमस्कार करायला शिकले.

एका वर्षी तर त्यांनी बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांना नारळ डाव्या हातानं दिला. सामने भरवणाऱ्या मंडळाचे लोक घामाघूम. विचारल्यावर म्हणाले, उजवा खांदा धरलाय. आणि लगेच दुसऱ्या पाहुण्याला उजव्या हातानं नारळ दिला.

असा हा माणूस यंदा मंडळाला नकोसा झाला. आता सामने यूट्यूबवर लाइव्ह दिसतात. कोणाची तरी आई मैदानात येईपर्यंत खेळ थांबला की बघणारे पळून जातात, असं नव्या पोरांचं म्हणणं. त्यांनी पनवेलकडचा एक समालोचक ठरवला, जो चौकार गेला की हिंदी शेर म्हणतो. जनूभाऊंना हे सांगायचं काम माझ्यावर आलं. मी मंडळाचा सल्लागार आहे. ज्याला धावता येत नाही पण बैठकीतून उठवता येत नाही, त्याला आमच्याकडे सल्लागार करतात. खरं सांगायचं तर माझाही या निर्णयाला होकार होता.

मी गेलो तेव्हा जनूभाऊ ओटीवर बसून नव्या वहीत आयांची नावं उतरवत होते. मी आडवळणानं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं की आम्ही तुमचा सत्कार करणार आहोत, शाल-श्रीफळ देऊन.

"शाल नको रं," ते म्हणाले. "एक मॅच दे. सेमीफायनल, दुपारची. मग माईक न्या तुमचा."

मी विचारलं, दुपारचीच का? त्यावर त्यांनी मलाच विचारलं की इंदूच्या नवऱ्याची बॅटिंग आठवते का.

इंदूताई ही जनूभाऊंची धाकटी बहीण, त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून तिला त्यांनीच वाढवलं. नदीपलीकडच्या गावात दिली होती. तिचा नवरा आमच्या मैदानावर खेळायला यायचा आणि त्यानं मला एका ओव्हरीत चार सिक्सर मारले होते. माझ्या शिवीच्या प्रकरणाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. ते सिक्सर मला आजही एकेक आठवतात.

"आन् मी माईकवर काय बोल्लो, ते आठवतं?"

मला आठवत नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं, वहीकडे बघत, आवाज न चढवता. "मी बोल्लो, भावोजी घरी आमच्या बहिनीला धुतात, मैदानात आमच्या बॉलरला धुतायत."

तेव्हा मला आठवलं. वाक्य नाही, त्यावरचं हसू आठवलं. सारं मैदान हसलं होतं. मला वाटलं होतं लोक मला हसतायत, आणि मी दोन दिवस धुमसत होतो.

त्या वर्षी सामन्यांच्या दोन दिवस आधी इंदूताई माहेरी आली होती. तिनं पोलक्याची बाही वर करून दंड दाखवला होता आणि म्हणाली होती, मला परत धाडू नको. जनूभाऊ म्हणाले होते, सामने होऊ दे, मग बोलतो त्यांच्याशी. भावोजी भरात होते, गावात त्यांच्या बॅटिंगची हवा होती, कशाला उगाच वाद? आणि त्या दुपारी ती याच घरात टीमसाठी चहा उकळत होती. कर्णा घराच्या वरच बांधलेला. तिनं भावाचं वाक्य ऐकलं आणि लोकांचं हसणंही ऐकलं. आधण तसंच ठेवलं, पिशवी उचलली आणि संध्याकाळी नवऱ्याबरोबर निघून गेली. त्यानंतर ती ना भाऊबीजेला आली, ना जनूभाऊंच्या पोरीच्या लग्नाला. आठ वर्षांपूर्वी भावोजी वारले तेव्हा जनूभाऊ गेले होते. तिनं तांब्याभर पाणी दिलं, पण शब्द बोलली नाही.

"दर साली माईक हातात घेतला की वाटायचं, आज बोलीन," जनूभाऊ म्हणाले. "तोंडातून निघतच नाय. मग दुसऱ्यांच्या आयांना हाका मारत बसलो. आता माईकच चाललाय."

मी म्हटलं, तिच्या घरी जाऊन सांगा ना. नदी ओलांडली की गाव.

"चारचौघांत बोल्लो नं? मग कानात माफी मागून काय होतंय? आमी जिथं बोल्लो तिथंच मागायची." मग म्हणाले, "दुपारची ती अंगणात वाल झोडते. वारा बी तिकडंच वाहतो, कर्णा तिथवर ऐकू जातो."

मला माझी लाज वाटली. बावीस वर्षं ती ओव्हर मी लोकांना रंगवून सांगत होतो, आणि त्या बाईचा दंड त्या गोष्टीत कुठेच नव्हता.

मंडळाला मी सांगितलं की पनवेलच्या समालोचकाचा घसा फायनलसाठी जपायला हवा, दुपारची मॅच जनूभाऊ सांभाळतील. पोरांनी कुरकुर केली, पण मानलं. सेमीफायनलला सगळा गाव लोटला होता. टॉस झाला, बॅट्समननं गार्ड घेतला, बॉलर धावायच्या तयारीत. जनूभाऊ नेहमी बसून बोलायचे. त्या दिवशी उभे राहिले.

"सन्माननीय क्रीडारसिक," त्यांनी सुरुवात केली. "याच ठिकाणी, याच माईकवरून मी एकदा माझ्या बहिणीच्या माराची मस्करी केलेली होती. लोक हसले, कारण मी त्यांना हसवलेलं होतं." मग त्यांचं रेडिओचं मराठी संपलं. "इंदू, तू हात दाखवाया आली होतीस गं. मी बघितला, आन् नाय बघितल्यावानी केलं. मला मॅच पायजे होती. मी भावाचं काम केलं नाय. माझं चुकलं."

मांडवाच्या कडेला बसलेल्या बायकांतली एक जण पदरानं डोळे पुसत होती. बॉलर चेंडू हातात घेऊन नुसताच उभा राहिला. जनूभाऊंनी माईकवर तळवा दाबून धरला आणि माझ्याकडे वाकून विचारलं, "कोण हसला का रं?"

मी म्हटलं, नाही, कोणीच नाही. तेव्हा ते खाली बसले, निळं पेन काढलं आणि सामना सुरू करायला सांगितलं. त्या मॅचमध्ये त्यांनी दोनदा धावा चुकवल्या.

नदीपलीकडून काही उत्तर आलं नाही. चार दिवस गेले. जनूभाऊ मला भेटले की सामन्यांबद्दल बोलायचे, दुसरं काही नाही. पाचव्या दिवशी मी शिळफाट्याच्या बाजारात गेलो होतो. तिथं भाजीच्या गाडीपाशी इंदूताई दिसली. केस पांढरे झालेत, पण जनूभाऊंसारखंच कपाळ. मी मुकाट्यानं पुढे सरकणार होतो, कारण मीही त्या हसणाऱ्या मैदानातलाच. पण तिनंच मला ओळखलं.

"त्याला सांग," ती म्हणाली, "ऐकू आलं."

ती आणखी काही म्हणेल म्हणून मी थांबलो. ती कांदे निवडत राहिली.

मी घरी न जाता तडक जनूभाऊंकडे गेलो. ते परसात होते. मी सांगितल्यावर तिथल्याच दगडावर बसले. कुठं भेटली, काय घेत होती, बरी दिसते का, असं एकेक विचारत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "'दादाला सांग' बोलली, का 'त्याला'?"

खोटं बोलायचा फार मोह झाला. काय बिघडणार होतं? पण मी म्हटलं, "त्याला."

जनूभाऊंनी मान हलवली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "पण निरोप तर धाडला." आणि तिनं नेमकं काय सांगितलं ते त्यांनी मला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं.