एक करकर, एक मत

कंडक्टरकाकू पडल्या त्या घरातल्या पायपुसण्यावरून, पण बंदी आली गच्चीवर. पायपुसणं अजून तिथंच, दाराच्या आत, एक कोपरा वर करून पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत पडलं होतं. गच्चीची किल्ली मात्र चिरंजीवांनी काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"आई, चार मजले चढायचे, वर त्या कुंड्या उचलायच्या. तोल गेला म्हणजे?"

"तीस वर्षं धावत्या बसमध्ये एका हातात तिकिटं, एका हातात सुटे," काकू म्हणाल्या. "दांडा कुठल्या हातानं धरत होते, सांग बरं."

चिरंजीव इमारतीच्या रहिवासी मंडळाचे सचिव होते. उत्तर नसलं की ते विषय पुढच्या बैठकीवर ढकलत. घरातही.

गच्चीत काकूंच्या एकवीस कुंड्या होत्या. टोमॅटोला पाणी सूनबाई घालत, म्हणजे आठवलं तर. शेवटी व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, तिनं काकूंचे गुडघे-घोटे तपासले आणि मायलेकांत तह करून दिला. हात न टेकता अर्ध्या मिनिटात बारा वेळा खुर्चीतून उठायचं आणि दहा सेकंद एका पायावर उभं राहायचं. दीड महिन्यानं परीक्षा. पास झाल्या तर किल्ली परत. तोवर बारा-बारा उठाबशांच्या रोज तीन फेऱ्या, आणि फेरी मध्येच मोडली तर ती धरायची नाही.

काकूंनी मनावर घेतलं. दूध तापेपर्यंत ओट्याशी एका पायावर. फोनवर बोलताना पंजाला टाच लावत सरळ रेषेत चालणं.

"कुठून बोलतेस गं? आवाज हलतोय तुझा," बहिणीनं विचारलं.

"रेषेवरून," काकू म्हणाल्या.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नेमकी मंडळाची बैठक लागली. तिसरी फेरी राहिली होती. खुर्च्या काय तिथंही असतात, असं म्हणून काकू खाली गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या.

या इमारतीत मत देताना हात वर करत नसत, उठून उभं राहत. हात अर्धा वर करून नंतर "मी डोकं खाजवत होतो" म्हणणारे दोघं निघाले होते, तेव्हापासूनची ही पद्धत. अध्यक्ष होते निवृत्त मास्तर. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, पण कान शाबूत होते. खोलीतल्या लोखंडी खुर्च्या माणूस उठला की करकरत. मास्तर डोळे मिटून ती करकर मोजत. गेल्या वर्षी मोजणीवरून वाद झाला तेव्हा चिरंजीवांनीच नियम लिहून घेतला होता : एक करकर, एक मत, अध्यक्षांचा आकडा अखेरचा.

काकूंनी हात छातीवर घेतले. एक. दोन. तीन.

पुढे चिरंजीव वाचत होते, "सत्तरी ओलांडलेल्या रहिवाशांनी गच्चीवर जाऊ नये. किल्ली कायम सचिवांकडे राहील." घरात विषय काढला तर भांडण होतं, बैठकीत काढला तर ठराव होतो, हे त्यांना उमगलं होतं.

"अनुकूल असतील त्यांनी उठावं," मास्तर म्हणाले आणि डोळे मिटले.

सहा जण उठले. आकडे मोजताना काकू जगाकडे कान देत नसत. चारपासून निघाल्या त्या बारावर थांबल्या.

"पंधरा," मास्तर म्हणाले. "वा. आज उपस्थिती चांगली आहे."

खोलीत मास्तर धरून अकरा माणसं होती. चिरंजीवांना बेरीज येत होती. पण त्यांनी वहीत पंधरा लिहिले आणि पान उलटलं.

"कसले पंधरा?" काकूंनी धापा टाकत शेजारच्या शिंपीणबाईंना विचारलं.

"तुझ्या-माझ्या गच्चीबंदीचे. त्यातली नऊ मतं तूच दिलीस की. मला वाटलं, पोराला घाबरलीस."

काकू एकाहत्तर वर्षांत बऱ्याच गोष्टी झाल्या होत्या, पण घाबरल्या नव्हत्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "माझी मतं परत द्या."

"मत म्हणजे तिकीट असतं, काकू. एकदा फाडलं की फाडलं."

हे काकूंना पटलं. याच वाक्यावर त्यांनी तीस वर्षं घर चालवलं होतं. "मग विरोधाचं तिकीट फाडा," त्या म्हणाल्या.

"विरोधात कोण?" मास्तरांनी डोळे मिटले.

शिंपीणबाई उठल्या, त्यांचे यजमान उठले, पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन उठले. मग काकू उठल्या. बसल्या. उठल्या.

"आई, काय चाललंय?"

"उद्या परीक्षा आहे. जादा फेरी घेतेय, ती मोडता येत नाही. पाच."

"मास्तर, अहो, हे एकच माणूस आहे."

"सचिव, मी माणसं मोजत नाही, करकर मोजतो. नियम तुमचाच. आणि मघाशी तुम्ही काही बोलला नाहीत."

"मघाशी..." चिरंजीव म्हणाले आणि वहीचं पान मागं उलटू लागले.

नवव्याला मांड्या पेटल्या. दहाव्याला उजव्या गुडघ्यानं राजीनामा दिला. काकूंनी तो नामंजूर केला. "एकदा पडले म्हणून जन्मभर बसवून ठेवता होय रे," त्या म्हणाल्या. "अकरा. बसणार नाही. बारा." आणि खरंच उभ्याच राहिल्या.

"पंधरा," मास्तर म्हणाले. "समसमान. म्हणजे आता अध्यक्षांचं मत. मी विरोधात आहे."

"करकर झाली नाही, मास्तर," चिरंजीव म्हणाले. "नियम."

मास्तरांनी बाजूच्या भिंतीकडं पाहिलं. ते चौऱ्याहत्तरचे. बैठक संपली की सगळे जाईपर्यंत ते कागद चाळत बसत, आणि मग भिंत धरून उठत. हे कुणाला ठाऊक नाही असं त्यांना वाटे. पण कोणाला उतरायला त्रास होणार हे काकूंना प्रवाशाच्या चेहऱ्यावरून कळायचं.

"मास्तर, पुढं सरका," काकू जुन्या आवाजात म्हणाल्या. "खुर्चीच्या कडेला या. पावलं थोडी मागं. आता नाक पायांच्या बोटांच्या पुढं न्या आणि उठा. भिंतीकडं बघू नका."

पहिल्यांदा मास्तर जरासे उचलले गेले आणि बसले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा खुर्ची अशी करकरली की पोस्टमन दचकले.

"सोळा," मास्तर उभ्यानंच म्हणाले. "ठराव नामंजूर." आणि पुढची दहा मिनिटं ते कारण नसताना उभे राहिले.

घरी परतताना चिरंजीव सगळे मजले बोलत होते. काकू दारात एका पायावर उभ्या राहून चप्पल काढत होत्या.

"उद्या पास झालीस तर देईन किल्ली, पण पडलीस तर उचलणार कोण, हे सांग," असं म्हणत ते तरातरा आत शिरले आणि पायपुसण्याच्या त्या कोपऱ्यावर त्यांचा पाय पडला.

पायपुसणं सोफ्याखाली गेलं. चिरंजीव मात्र तिरके, हवेत राहिले, कारण त्यांची कॉलर काकूंच्या मुठीत होती. काकूंचा दुसरा पाय अजून वरच होता.

"आई, सोडू नकोस."

"दहा सेकंद होऊ देत," काकू म्हणाल्या आणि मोकळ्या हातानं चिरंजीवांच्या खिशातली किल्ली काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा गच्चीत, कुंड्यांच्या मधोमध झाली. काकू तेरा वेळा उठल्या. आठवड्यानं जिन्यातल्या फलकावर पुढच्या बैठकीचा विषय लागला : "पंचेचाळिशी ओलांडलेल्या रहिवाशांनी पायपुसण्यावर एकट्यानं पाय ठेवू नये. सूचक : कंडक्टरकाकू. अनुमोदक : अध्यक्ष (उभे राहून)."