भाऊ झाडावर चढतात

मतदानाला दहा दिवस उरले असताना उमेदवार भाऊ शिडी लावून चिंचेवर चढले, ते पोटच्या पोरीला खाली आणायला.

ग्रंथालयासमोरची ही जुनी चिंच पाडून तिथे वाहनतळ करायचा, हे काम भाऊंनीच खटपट करून मंजूर करून आणलं होतं. आणि चिंच पडू नये म्हणून सकाळपासून फांद्यांवर बसलेल्या सहा शाळकरी पोरांची म्होरकी होती भाऊंचीच सतरा वर्षांची चिमी. यापेक्षा विरोधक परवडले, असं भाऊंना झालं होतं.

"चिमे, उतर खाली. लोक हसतायत."

"ऐकू येत नाही बाबा. अजून वर या."

भाऊ अजून वर गेले. मग त्यांनी सहज खाली पाहिलं आणि लगेच डोळे गच्च मिटले. त्यांनी खोडाला घट्ट मिठी मारली.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. जरा टेकतो."

नेमका तेव्हाच ठेकेदाराचा माणूस पलीकडची फांदी छाटायला आला. कोणी कितीही आरडाओरडा केला तरी काम थांबवायचं नाही, अशी भाऊंचीच ताकीद होती. यांत्रिक करवत घरघरली, झाड थरथरलं आणि भाऊ जिवाच्या आकांताने ओरडले.

"अरे ए! मी जिवंत आहे तोवर या झाडाला कोणी हात लावायचा नाही!"

खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. दुपारपर्यंत हे वाक्य गावभर प्रत्येक मोबाइलवर वाजत होतं. पक्षाध्यक्षांचा फोन आला.

"भाऊ, आपल्या वाहनतळाचं काय?"

"साहेब, मी झाडावर आहे. इथून झाडाविरुद्ध बोलता येत नाही."

भाऊंना उतरवायला अग्निशमन दलाची गाडी यायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात चिमीने बापाला पाणी पाजलं, पत्र्याच्या वर्गात उकाड्याने भोवळ येऊन पडलेल्या मैत्रिणीबद्दल सांगितलं, म्हणून पोरं याच चिंचेच्या सावलीत अभ्यासाला बसतात हे सांगितलं, आणि आणखी बरंच काही. घरी असते तर भाऊ पहिल्याच वाक्याला उठून गेले असते. इथे उठायची सोय नव्हती. उतरल्यावर त्यांनी वाहनतळाचा कागद सगळ्यांसमोर फाडला.

पोरांना मत नव्हतं, पण आजी-आजोबा होते. पोरांनी एकेकाला हाताला धरून केंद्रावर नेलं. भाऊ एकोणीस मतांनी निवडून आले आणि तडक घरी जाऊन आईच्या गळ्यात पडले.

"आई, तीनदा पडलो, पण शेवटी तुझं मत फळलं गं!"

आई चष्मा पुसत म्हणाली, "फळणारच. यंदा पहिल्यांदाच दिलंय."