डावा भोवरा

शेषरावने नवा बैल अंगणात आणून उभा केला तेव्हा नत्थुजी दात घासत होता. कडुलिंबाची काडी तोंडात तशीच राहिली. बैल पांढराशुभ्र, वशिंड भरलेलं, शिंगं एका मापाची. त्याला पाहून नत्थुजीच्या गोठ्यातला बादलसुद्धा मान खाली घालून मुकाट्यानं कडबा खाऊ लागला.

"नत्थू, पाह्य बरं," शेषराव म्हणाला.

हे 'पाह्य बरं' साऱ्या गावाच्या ओळखीचं होतं. नत्थुजीला दाखवल्याशिवाय शेषराव काही घेत नसे. वखर घेतला तरी 'पाह्य बरं', बायकोसाठी लुगडं आणलं तरी 'पाह्य बरं', आणि स्वतःच्या लग्नासाठी मुलगी पाहायला मोर्शीला गेला तेव्हाही त्यानं नत्थुजीला आधी पुढे केलं होतं. बैलांच्या बाबतीत तर दर्यापूर तालुक्यात नत्थुजीच्या नजरेला तोड नव्हती. निदान शेषराव तरी सगळ्यांना तसं सांगत असे.

दोघांकडे एकेकच बैल. नत्थुजीचा करडा बादल आणि शेषरावचा लालभडक तांब्या. एका बैलानं वखर चालत नाही, म्हणून दोघांनी सावड केली होती. दोन बैलांची मिळून एक जोडी, आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. पोळ्याच्या तोरणाखाली ही बेरंगी जोडी उभी राहिली की पोरं हसत, आणि हे दोघे त्यांच्याहून जोरात हसत. नत्थुजीची कुरकुर मात्र दर पावसाळ्यात ठरलेली. "तुया पाळीची वाट पाहून पाहून माया वावरात तन कंबरेले लागलं," असं तो डवरणीच्या दिवसांत रोज म्हणत असे. शेषराव ते मनावर घेत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"कोनाचा हा?" नत्थुजीनं काडी थुंकून विचारलं.

"आपला! मायाच सायानं देल्ला, मोतीरामनं. म्हने, बहिनीच्या घरी जोडी पाहिजे. घरच्या गाईचा गोऱ्हा हाये. नाव राजा."

नत्थुजीला मोह पडला. असा एक बैल आपल्या दावणीला असता तर! पण तो काही वाईट मोह नव्हता. दुसऱ्याच्या ताटातली जिलबी पाहून तोंडाला पाणी सुटतं तितपतच होता. तेवढ्यावर राहिलं असतं तर ही गोष्ट सांगायची गरजच पडली नसती.

"आता तुयी कटकट मिटली," शेषराव आनंदानं म्हणाला. "मायी जोडी झाली. तुले आता माया पाळीची वाट पाहाचं काम नाही. तुयासाठी मी सूर्यभानसंग बोलून ठेवलं. त्याच्यापाशीही एकच बैल हाये. तू त्याच्यासंग सावड कर."

सूर्यभान मागेच उभा होता. त्याचा बैल लाथाडा होता आणि सूर्यभानला बैलातलं एवढंच कळत असे की त्याच्या मागे उभं राहू नये. "हो जी नत्थुजी," तो दात काढून म्हणाला. "आपलं जमते."

नत्थुजीला वाटलं, नकोशी झालेली मुलगी बरं स्थळ पाहून उजवून टाकावी तसं याने आपल्याला उजवून टाकलं. इतक्या वर्षांची सावड, आणि हा हसत हसत मोडतो! बैलाकडे त्यानं पुन्हा पाहिलं. मघाचा राजा आता त्याला वैरी दिसू लागला. आणि मग त्याची जीभ त्याला न विचारताच बोलली.

"बैल चांगला हाये. पन हा भवरा पायला का?"

"कोनता?"

"हा. वशिंडाच्या मांगं. डावा भवरा हाये, शेषराव. हा मालकाले लाभत नाही."

केसांचा तो लहानसा भोवरा होता. शेषरावनं तो पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. "मोतीरामले दिसला नसंन," तो हळूच म्हणाला. मग बैलाला घेऊन निघून गेला. सूर्यभान मात्र त्याच्या मागे गेला नाही, तो सरळ पारावर गेला.

दुपारपर्यंत गावभर झालं. शेषरावच्या बायकोचं, जाईबाईचं वरण करपलं, ते भोवऱ्यावर गेलं. म्हशीनं दूध चोरलं, तेही भोवऱ्यावर गेलं. संध्याकाळी शेषरावला दोन शिंका आल्या तेव्हा जाईबाईनं राजाची दावण गोठ्यातून काढून अंगणाच्या पार टोकाला नेली. बिचारा राजा तिथून सगळ्यांकडे प्रेमानं पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी दार उघडतो तर अंगणात बैलच बैल. अर्ध्या गावानं आपापली जनावरं आणली होती.

"नत्थुजी, मायाही बैलाले हाये जी भवरा!"

"माया तं दोन्हीले हाये!"

आणि तेव्हा नत्थुजीच्या ध्यानात आलं की घाईघाईत त्यानं असा भोवरा निवडला होता, जो वऱ्हाडातल्या दर दुसऱ्या बैलाला असतो. खरं बोलून मोकळं होण्याची ती पहिली संधी होती. त्यानं ती सोडली. "डावा वाईट, उजवा चांगला," त्यानं सांगून टाकलं.

त्यावरून नवीनच भांडण सुरू झालं. डावा म्हणजे कोणाकडून डावा? बैलाच्या मागून पाहिलं तर जो डावा, तोच पुढून पाहिलं तर उजवा दिसे. सूर्यभाननं नीट पाहून घ्यावं म्हणून पुढून एकदा, मागून एकदा असं पाहिलं आणि स्वतःच्याच बैलाची लाथ खाल्ली. गुडघा धरून तो म्हणाला, "डावाच हाये जी." कोणाच्या जोडीतला एक बैल चांगला आणि एक वाईट निघाला, कोणाचे दोन्ही वाईट निघाले. घराघरांत तोंडं फुगली.

हे सगळं गोदाबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. नवरा आत आल्यावर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, त्या राजाले खरंच काही हाये का?"

"तुले काय समजते त्यातलं?"

"बैलातलं नाही समजत. तुमच्यातलं समजते." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "हेवा केला असता तं मी काही म्हटलं नसतं. हेवा म्हंजे, त्याच्यापाशी हाये, मलेही पाहिजे. मानूस त्यासाठी दोन दिवस जास्त राबते. तुमचं तसं नाही. तुमचं म्हंजे, मले नाही तं त्यालेही नको. हे जळनं हाये. अन जळाले लागलं का दोस्ताचं घर कोनतं अन आपलं कोनतं, ते समजत नाही."

नत्थुजीनं ताट पुढे ओढलं.

शेषरावनं राजाला विकायचं ठरवलं. दर्यापूरच्या बैलबाजारात जाताना तो नत्थुजीला घेऊन गेला, कारण त्याच्याशिवाय तो बाजारात कधी जातच नसे. राजाला पाहून गिऱ्हाईक धावत येई. शेषराव हात जोडून सांगे, "दादा, बैल सोन्यासारखा हाये. फक्त मालकाले लाभत नाही. डावा भवरा हाये." गिऱ्हाईक धावत आलं तसंच धावत जाई. बाजार उठायची वेळ आली तरी राजा जागच्या जागी उभा होता.

एक म्हातारा दलाल बराच वेळ हे पाहत होता. तो जवळ येऊन हसू लागला. "अरे बापा, हा भवरा तं या बाजारातल्या अर्ध्या बैलाले हाये! तुले कोन्या बह्याडानं सांगतलं हे?"

"माया दोस्तानं," शेषराव म्हणाला. "तो बह्याड नाही. त्याचा शबद म्हंजे शबद."

नत्थुजी बाजूलाच उभा होता. ही दुसरी संधी होती आणि ती पहिलीपेक्षा सोपी होती, नुसतं 'चुकलं' म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, खोकला काढला आणि पाणी प्यायला निघून गेला.

पोळ्याच्या आधी मोतीराम मोर्शीहून तरातरा आला. सोयऱ्यांत बातमी पोचायला कितीसा वेळ! "घरचा बैल देल्ला मायेनं, अन तुमी त्याले भर बाजारात पनवती म्हनून उभा करता?" जाईबाई रडली, शेषराव खाली मान घालून बसला. मोतीरामनं राजाचं दावं सोडलं आणि पाणीही न पिता त्याला घेऊन गेला. राजा वेशीपर्यंत वळून वळून पाहत होता.

पोळ्याला तोरणाखाली बादल आणि तांब्या उभे राहिले, दर वर्षीसारखे. शिंगांना रंग, अंगावर झुली. नत्थुजीला जे हवं होतं ते सगळं जसंच्या तसं परत मिळालं होतं. पण पोरं हसली तेव्हा या वेळी दोघांनाही हसू आलं नाही. जाईबाईनं बैल ओवाळले आणि पुरणपोळी वाढली. नत्थुजीच्या हातात घास तसाच राहिला.

"शेषराव," तो म्हणाला, "त्या भवऱ्याचं..."

"राहू दे ना."

"नाही, मले सांगू दे."

"मले माईत हाये." शेषराव पोळीवर तूप घेत होता. "बाजारातून आलो, त्याच संध्याकाळी बादलचं अंग चोळाले तुया गोठ्यात गेलो होतो. त्यालेही हाये भवरा. डावाच हाये."

नत्थुजीनं घास ताटात ठेवला. "मंग मोतीरामले नेऊ काहून देल्ला?"

"तू मायासंग कधी खोटं बोलला नव्हता. बोलला, म्हंजे लयच दुखलं असंन तुले. बैलापाई दोस्ताले दुखवाचं, आपल्याले नाही जमत." त्यानं तुपाची वाटी खाली ठेवली. "पन एक सांगू? तीन बैल होते आपल्यापाशी. एक थकला तं दुसरा जोतला असता, कोनालेच पाळीची वाट पाहा लागली नसती. सूर्यभानचं मी तुयी कटकट ऐकून ठरवलं होतं. नुसतं म्हटलं असतं ना, 'मले त्याच्यासंग नाही जमत', तं मी म्हटलं असतं, 'चाल, सावड आपलीच.'"

हे नत्थुजीला कधी सुचलंच नव्हतं. दोन आणि एक तीन, इतका साधा हिशेब. तो रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

सावड पुढे चालू राहिली. शेषराव पूर्वीसारखाच बोले, पूर्वीसारखाच चहाला बोलावी. त्या वर्षी कापूस बरा झाला आणि उन्हाळ्यात शेषराव स्वतःच्या कमाईनं बैल घ्यायला निघाला. "येतं का?" त्यानं दारातूनच विचारलं. नत्थुजी अर्धी भाकरी टाकून उठला. आपल्याला विचारलं याचाच त्याला इतका आनंद झाला होता.

बाजारात शेषरावला एक काळाभोर बैल आवडला. त्यानं दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला. नत्थुजी वाट पाहत होता. 'पाह्य बरं' आलंच नाही. मग त्यानं आपणहून पाहिलं, आणि एका नजरेत त्याला दिसलं की बैलाची शेपटी दोन ठिकाणी पिरगळून मोडलेली आहे. शेपटी अशी पिरगाळतात ती एकाच बैलाची, जो जू मानेवर पडताच खाली बसतो त्याची.

"शेषराव, हा नको घेऊ. खरंच सांगून राहिलो."

शेषरावनं वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट तो हसत होता, आणि तेच वाईट होतं. "काहून? डावा का उजवा?"

दलालही हसला. सौदा झाला.

परत येताना अर्ध्या वाटेवर काळा बैल भर रस्त्यात बसला. त्याला जूदेखील लागलं नव्हतं, बहुतेक आठवणीनंच बसला असावा. दोघांनी ओढलं, ढकललं, पुचकारलं. मागून दर्यापूरची मोटार आली, भोंगा वाजवून दमली आणि शेवटी वावरातून वळसा घालून गेली. मोटारीतले लोक खिडक्यांतून डोकी काढून हसत होते. शेषराव धापा टाकत बैलाच्या मागच्या बाजूला खाली बसला. तेव्हा कुठे त्याचं लक्ष गेलं.

"शेपटी," तो म्हणाला.

"हो."

"तुले दिसली होती?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं ना."

शेषरावनं मोडलेल्या शेपटीवरून हात फिरवला. "हो, सांगतलं," तो शेवटी म्हणाला. नत्थुजीला वाटलं, यानं आता चार शिव्या द्याव्यात, अंगावर धावून यावं, म्हणजे सगळं फिटेल. शेषरावनं चंची काढली, तंबाखू मळला आणि निम्मा नेहमीसारखा नत्थुजीच्या हातावर ठेवला.

"मी बादलले घेऊन येतो," नत्थुजी उठला. "दुसरा बैल समोर चालला तं हाही उठंन."

"आन." शेषराव बैलाच्या अंगावरची धूळ झटकत होता. नत्थुजी चार पावलं गेला असेल, तोच मागून हाक आली. "अन नत्थू, येताना सूर्यभानलेही घेऊन ये संग. बैल त्याले दाखवू. त्याले म्हनाव, पाह्य बरं."

"बरं," नत्थुजी म्हणाला आणि गावाकडे चालू लागला.