साठ दारांची घोडी

पाववाल्याने टेबलावर तीन घोड्यांचे फोटो ओळीने मांडले आणि त्यांना जागा व्हावी म्हणून बायकोचा चहाचा कप पार कडेला ढकलला.

"नीट बघ. घाईचं काम नाही हे."

"घाईचंच आहे," बायको कप वाचवत म्हणाली. "जनावरांचे डॉक्टर काय म्हणाले? घोडी पंधरा वर्षांची झाली, शिंगरू व्हायचं तर याच मोसमात. आणि तुम्ही महिनाभर फोटोच बघताय!"

बोलणं खरं होतं. ठुमकी गेली बारा वर्षं पावाची गाडी ओढत होती आणि तिच्यानंतर कोण, या काळजीने पाववाल्याची झोप उडाली होती. त्यात चौकात नवी बेकरी निघाली. तिचा माणूस मोटरसायकलवरून गरमागरम पाव पोचवायचा. पाववाल्याचे पाव शेवटच्या दारी जाईपर्यंत थंडगार व्हायचे. साठांतली आठ गिऱ्हाइकं गळालीही होती. मोटार घ्यायचं नुसतं नाव काढलं तरी तो भडकायचा. इंजिनाशी गप्पा काय मारायच्या, असा त्याचा सवाल असे. त्याला हवं होतं वाऱ्यासारखं पळणारं शिंगरू.

कारण ठुमकीत एकच खोड होती. ती थांबायची. प्रत्येक दारासमोर आपणहून थांबायची आणि पावाच्या पेटीचं झाकण धाडकन आपटल्याचा आवाज आल्याशिवाय पुढचा पाय उचलायची नाही. गिऱ्हाईक सोडून गेलं, हे तिला कोण सांगणार? त्यामुळे त्या आठ दारांसमोरही पाववाला रोज खाली मान घालून झाकण आपटायचा.

"हा खाणवाल्याचा. ताकद बघ याची," तो पहिल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला.

"फोटोत खाणवाल्याची बाही बघा आधी. फाटलीय. चावतो मेला."

दुसरा होता फोटोग्राफरचा पांढराशुभ्र घोडा. बागेत मुलांना पाठीवर घेऊन तो दिवसभर हलायचा नाही.

"उभं राहणारं एक आहे की आपल्या घरात," बायको म्हणाली.

उरला तो शर्यतीचा तांबडा. त्याची मालकीण एक करारी बाई होती. तिच्याकडे पाववाला आदल्याच आठवड्यात वही-पेन्सिल घेऊन जाऊन आला होता. फळीवर अकरा चषक लखलखत होते.

"सगळे दुसऱ्याच नंबरचे?" त्याने विचारलं होतं.

"पहिला थोडक्यात हुकतो हो. दर वेळी." बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "तुमच्या घोडीत काही खोडबिड?"

"छे! सोन्यासारखी आहे," असं म्हणून पाववालाही खिडकीबाहेर बघायला लागला.

तांबडा पक्का झाला. चारच दिवसांनी ठुमकी माजावर आली. डॉक्टरांनी सांगितलं, तीन दिवस आहेत हाताशी. बाईंनी निरोप धाडला, घोडी मोकळी आणा, गाडीला जुंपून दमवलेली चालणार नाही. आणि बाराच्या आत या, नंतर फाटक उघडत नाही.

पहिल्या दिवशी पाववाला तिला दोरी धरून घेऊन निघाला. बाईंच्या तबेल्याची वाट नेमकी त्या साठ दारांवरून जात होती. पहिलंच दार शिंप्याचं. ठुमकी थांबली. पाववाल्याने ओढलं, चुचकारलं, शिंप्याचं दारही दोनदा आपटून पाहिलं. ती ढिम्म. झाकणाचा आवाज तिला बरोबर कळत होता.

"आज पाव नाहीत?" शिंपीण बाहेर येऊन म्हणाली. "मग आलात कशाला?"

कशाला ते सांगणं भाग पडलं. पुढे दर दाराशी हीच कथा. मास्तर म्हणाले, शिंगरू हुशार हवं. सुईण म्हणाली, आई घाबरलीय, तिला काही बोलू नका. हाताशी मिळेल ती भांडी, पत्रे, कवाडं लोक आपटून देत होते. त्यातला एखादा आवाज झाकणासारखा निघाला की ठुमकी कशीबशी पुढच्या दारापर्यंत जायची. पाववाला तबेल्याशी पोचला तेव्हा तीन वाजले होते आणि फाटक बंद होतं.

दुसऱ्या दिवशी लाजेखातर त्याने नदीकडची वाट धरली. ठुमकी फाट्यावर उभी राहिली आणि शिंप्याच्या घराकडे तोंड करून दुपारपर्यंत तशीच राहिली.

"संपलं सगळं," घरी येऊन पाववाला मटकन खाली बसला. "बारा वर्षं इमानानं राबली बिचारी, आणि तिच्यामागे काही उरणार नाही." त्याचे डोळे भरून आले.

"उद्याचा दिवस आहे ना अजून?" बायको म्हणाली. "गाडी चालत नाही म्हणाल्या बाई. पेटीला कुठं नाही म्हणाल्या?"

तिसऱ्या दिवशी पुढे पाववाला आणि घोडी, मागे ढकलगाडीवर पेटी घेऊन बायको, अशी वरात निघाली. रिकामी पेटी न्यायची कशाला, म्हणून तिने गरम पाव भरून घेतले होते. दार आलं की धाडकन झाकण, की ठुमकी पुढे. साडेअकराला ती फाटकाशी येऊन थांबली. तिथेही बायकोने झाकण आपटलं.

"हे काय?" बाई दचकल्या.

"झाकण जरा सैल झालंय," पाववाला घाईघाईने म्हणाला.

अकरा महिन्यांनी ठुमकीला शिंगरू झालं. तांबडं, लांब पायांचं, अगदी बापावर गेलेलं. ते चार महिन्यांचं झालं तेव्हा पाववाल्याने त्याला प्रथमच आईबरोबर फेरीवर न्यायचं ठरवलं आणि कौतुकाने बाईंनाही गाडीवर शेजारी बसवून घेतलं; बायको मागे पेटीपाशी बसली. गल्लीत येताच शिंगरू सुसाट सुटलं.

"बघा! बघा वेग!" पाववाला ओरडला.

शिंगरू शिंप्याच्या दाराशी गेलं आणि गपकन थांबलं.

पाववाल्याने कपाळाला हात लावला. "आईवर गेलं हो! बाई, मी खोटं बोललो. माझी घोडी दर दाराला थांबते."

 बाई म्हणाल्या, "आईवरच गेलंय असं नाही. आमच्या तांबड्याला एकदा शर्यतीत कठड्यापाशी कुणीतरी गाजर दिलं. तेव्हापासून सगळ्यांच्या पुढे धावायचा आणि तिथे आला की थांबायचा. एक घोडा पुढे गेला की मग निघायचा."

"म्हणून दुसरा नंबर!"

"अकरा वेळा."

 पाववाला काही बोलणार, तेवढ्यात बायकोने झाकण आपटलं आणि गाडीला असा हिसका बसला की बाईंनी त्याचा खांदाच पकडला. शिंगरू उधळत पुढच्या दाराशी जाऊन उभं राहिलं होतं, आणि लेकराला गाठायला ठुमकी चक्क धावत होती. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

साठावं दार मास्तरांचं. ते नव्या बेकरीकडे गेल्याला वर्ष झालं होतं. पण टापांचा आवाज ऐकून ते बाहेर आले, शिंगराच्या मानेवरून त्यांनी हात फिरवला आणि सहज म्हणून एक पाव उचलला.

"अहो," ते म्हणाले, "हा गरम आहे!"

 पाववाल्याने पाव कागदात गुंडाळून दिले आणि या दाराशी वर्षभरात प्रथमच मान वर करून झाकण आपटलं.