क्षच्या पोटात काय हाय?

दळवी सरांनी माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल पेनाने चक्क फुली मारली. मी मुलांसाठी लिहिलं होतं : क्ष = क्ष + १.

"मॅडम, दोन्हीकडचा क्ष काढा. शून्य बरोबर एक उरलं! कडावच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवून काय झक मारली मी?"

सर निवृत्त. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून माझ्या कॉम्प्युटरच्या क्लासात मुलांबरोबर शेवटच्या बाकावर बसतात आणि माझ्या चुका काढतात. "सिद्ध कर!" हे त्यांचं पालुपद. भाजीवालीने मेथी ताजी आहे म्हटलं, तरी तेच.

फुलीला उत्तर दिलं सुगंधाने. सातवीतली पोर, गणितात कायम काठावर. "सर, क्ष म्हंजे डबा हाय. आतलं काढायचं, त्यात एक घालायचा, परत त्याच डब्यात ठेवायचं. तुमच्या गणितात पन तसंच. क्ष अधिक तीन बराबर सात. मंग डब्यात चार हायत."

सर तिच्याकडे बघतच राहिले. "कुणाची गं तू?"

"मंजुळाची. कळंबची."

सर "सिद्ध कर" म्हणाले नाहीत, तेव्हाच मला शंका आली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले, तर स्वयंपाकघरातल्या डब्यांवर क्ष, य अशा चिठ्ठ्या. सरांनी 'य'मधली साखर घालून चहा दिला. खारट!

"किंमत बदलली वाटतं," सर म्हणाले, पण हसले नाहीत. "मंजुळाने वर्गात विचारलं होतं, 'सर, क्षच्या पोटात काय हाय?' मला वाटलं, टिंगल करते. बाहेर उभी केली. ती परत शाळेत आलीच नाही. हुशार पोरगी घालवली मी, मॅडम."

रविवारी सर माझ्या स्कूटरवर मागे बसून कळंबला निघाले. मांडीवर क्षचा डबा, आत लाल शाईतली चिठ्ठी : 'तुझा प्रश्न बरोबर होता. १०/१०.'

मंजुळाने चिठ्ठी दोनदा वाचली. "इतक्या वर्षांनी पेपर तपासलात व्हय, सर?" हसताना तिचे डोळे भरले. डबा घेऊन ती आत गेली. सर ओट्याच्या कडेला अंग चोरून बसले होते.

आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. तिने भरलेला डबा सरांच्या हातात ठेवला.

"काय आहे गं यात?"

"आता तुमी सांगा, सर."

आम्ही परत निघालो. कडावपर्यंत वालाच्या बिरड्याचा वास येत होता. स्कूटरच्या आरशात पाहिलं, तर सर डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून रडत होते.